फांगालेआची अर्धी पाटी

१

पाटी कापली गेल्याचा शोध एका डुकरिणीने लावला.

बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास सगळं फांगालेआ गाव म्हाताऱ्या फेलेतीला मूठमाती देऊन परस्पर कॉलेजकडे, दुसऱ्या दिवशीच्या तयारीला, येत होतं. कॉलेजच्या गेटाशेजारच्या पाटीला सकाळीच नवा रंग दिला होता आणि वर झाडाच्या सालीचं नक्षीदार कापड टाकलं होतं. ते गुरुवारी राजधानीहून येणाऱ्या समितीच्या बाईंच्या हस्ते दूर करायचं, असा बेत होता. डुकरिणीला तेवढा दम निघाला नाही. तिने कापडाचं टोक तोंडात धरून हिसडा दिला, कापड खाली आलं आणि शंभर-सव्वाशे माणसांनी एकदम वाचलं : फांगालेआ.

पुढचा 'कॉलेज' हा शब्द फळीसकट गायब होता. डाव्या खांबाला गावाचं नाव लोंबत होतं, उजव्या खांबाला नुसते दोन खिळे.

"बरं झालं," प्राथमिक शाळेचे पालुकी गुरुजी मोठ्याने म्हणाले. "खरं तेवढंच उरलं."

त्यांची शाळा कॉलेजला खेटूनच होती. कॉलेजच्या दोन खोल्यांवर त्यांचा डोळा आहे हे तिथल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं.

गर्दी बाजूला सारत डॉक्टर सिओसिफा पुढे आले. कॉलेजचे हे प्रमुख स्वतःला प्राचार्य म्हणवून घेत आणि कोणी 'हेडमास्तर' म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करत. सख्ख्या मामाच्या मातीहून येत होते, तरी शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती. कमरेला, मातीला नेसायच्या रिवाजाप्रमाणे, त्यांच्या आईची जुनी, रेशमासारखी मऊ चटई होती.

"चोरी!" प्राचार्य म्हणाले. "भर दिवसा! उद्या समितीला काय तोंड दाखवायचं?"

लेसिएलीबाईंना मात्र पाटीपेक्षा मुलांची काळजी लागली. बाई वरच्या वर्गाला गणित शिकवत. वर्गात मुलं अकरा. समितीच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की, ज्या संस्थेच्या दारावर 'कॉलेज' हा शब्द असेल तिचीच तपासणी होईल. तपासणी झाली तरच मुलांच्या परीक्षेच्या फॉर्मांवर शिक्का बसणार. शिक्का नाही तर परीक्षा नाही. मग वरचा वर्ग बंद, आणि ज्याला पुढे शिकायचं असेल त्याने बोटीत बसून राजधानीला जावं. बाई स्वतः चौदाव्या वर्षी अशाच बोटीत बसल्या होत्या. सात वर्षांनी परतल्या तेव्हा धाकटा भाऊ त्यांना 'तुम्ही कोण?' म्हणाला होता. हे आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये म्हणून तर त्या पंचवीस वर्षं इथे खडू झिजवत होत्या.

"सर, फॉर्मांचं काय?" त्यांनी विचारलं.

"फॉर्म काय, पोस्टाने पाठवू. तुम्ही असं करा, चोर शोधा. तुम्ही भूमिती शिकवता, तुमचं डोकं चालतं." मग प्राचार्य खाली वाकून हळूच म्हणाले, "माकिसीकडे लक्ष ठेवा. गावात करवती कोणाकडे असतात? मी सुतारशाळेला कुलूप घालतोय. उद्या बोटीबरोबर पोलीसही बोलावतो."

२

माकिसी सुतारकाम शिकवत असे. तो कुलूप लावलेल्या सुतारशाळेच्या पायरीवर बसून पाठ खाजवत होता. छातीपासून घोट्यापर्यंत त्याने एक जुनाट, फाटकी चटई गुंडाळून काथ्याने बांधली होती.

"बाई, आधी हे सांगा, ह्या चटईत पिसवा कुठून आल्या?" तो म्हणाला. "चुलता मेला की पुतण्याचं हे असं. फाटकी चटई नेसा, मागच्या अंगणात डुकरं भाजा, धूर खा. आणि भाचेमंडळी मऊ चटया नेसून पुढे बसणार, भाजलेल्यातला चांगला तुकडा त्यांच्या पानात! माझ्या बापाने त्या घरात जन्म घेतला ही माझी चूक."

"पाटी तू रंगवलीस?"

"सात वाजता. रंग दिला, कापड टाकलं, ही चटई गुंडाळली आणि गेलो. तेव्हा पाटी पुरी होती."

"लोक तुझं नाव घेताहेत, माकिसी."

"घेऊ देत. सव्वीस वर्षांपूर्वी ती पाटी मी घडवली. आता मीच कापली म्हणे!" तो ताडकन उठला. "तुम्ही काप पाहिलात का? चला, बघा तरी!"

त्याने बाईंना जवळजवळ ओढतच गेटापाशी नेलं. फळीच्या कापलेल्या कडेवर बोट ठेवून तो उभा राहिला. चोरीचा आळ त्याने गिळला होता, पण हे त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

"करवत तीनदा घसरलीय. हे बघा ओरखडे. वर सरळ, मध्ये वाकडं, खाली तर देवाच्या भरवशावर सोडलंय. आणि शेवटी कंटाळून फळी मोडलीय! बाई, माझा दुसरीतला पोरगा याहून बरं कापतो. ज्याने हे केलं त्याने जन्मात खडूपेक्षा जड काही हातात धरलेलं नाही."

बाईंनी काप पाहिला. माकिसी खोटं बोलला असता, पण इतकं वाकडं त्याला कापता आलं नसतं.

म्हणजे चोर मास्तरांपैकीच कोणीतरी होता. आणि शाळा-कॉलेज मिळून त्या दिवशी खडू धरणारी माणसं फक्त तीन होती : पालुकी, प्राचार्य आणि स्वतः लेसिएलीबाई.

३

गेटातून बाहेर पडलं की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गावाकडे जाणारा एकच रस्ता. पन्नास पावलांवर रस्ता वळतो, आणि वळणावर वाइसिमाचं पपया-अननसांचं दुकान आहे. तिथून गेट दिसत नाही. पण गेटातून निघालेला माणूस वाइसिमाला चुकवून गावात जाऊ शकत नाही, आणि वाइसिमा कोणाला चुकू देत नाही. बुधवारी तर पाय सुजला म्हणून ती मातीलाही गेली नव्हती. दिवसभर तिथेच बसून होती.

"फळी?" वाइसिमा म्हणाली. "एवढी दोन हात लांब फळी घेऊन कोणी गेलं असतं तर मी विचारलं नसतं का, की बाबा, ही कोणाच्या डोक्यात घालायला निघालास?"

"मग सातनंतर कोण कोण गेलं ते सांग."

"आधी बस. पपई खा. पैसे उद्या दे, पण उद्याच दे." वाइसिमाने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "पहिला माकिसी. इथेच उकिडवा बसला, अर्धी पपई खाल्ली, बी माझ्या अंगणात थुंकला. मग पालुकी गुरुजी सायकलवर, मागे दोन चटयांची गुंडाळी, द्यायला आणलेली. हां, गुंडाळी लांब होती, हे खरं."

बाईंचे कान टवकारले. "किती लांब?"

"दोन हातांहून लांब. सायकलवरून दोन्हीकडे बाहेर आली होती, माझी टोपली पाडली मेल्याने."

"आणि मग?"

"मग साडेआठला तुमचे प्राचार्य. बिचारे! गावात कोणी शिकलेला माणूस इतकं दुःख करताना मी पाहिला नाही. चटई तर अशी गुंडाळलेली की, वर काखेपर्यंत आणि खाली पायापर्यंत. ती पण कसली, गोठ्यातली वाटावी अशी फाटकी. चालायचे ते ताठ, वल्हं गिळल्यासारखे. मी म्हटलं, सर, बसा, पपई कापते. एरवी फुकट पपईला ते नाही म्हणत नाहीत, तुला माहीत आहे. आज म्हणाले, 'बसवत नाही वाइसिमा, मन थाऱ्यावर नाही.' मला तर भरून आलं."

"नंतर?"

"नंतर पाचपर्यंत कोंबडंसुद्धा गेलं नाही. सगळे तिकडेच होते ना!"

लेसिएलीबाईंनी पपईची फोड तोंडात घातली आणि ती चावायचं विसरल्या.

"लेसिएली, अगं गिळ की!" वाइसिमा म्हणाली. "तुला काय झालं?"

४

गुरुवारी सकाळी नऊ वाजता बाई पालुकी गुरुजींच्या शाळेत गेल्या. त्यांना उत्तर जवळजवळ मिळालं होतं, पण उत्तर मिळालं म्हणून मधली पायरी गाळणाऱ्या मुलांचे गुण त्या स्वतः कापत आल्या होत्या.

"या, या," पालुकी म्हणाले. "मला बेड्या घालायला आलात? घाला. पण त्या दोन खोल्या कोणत्या दिवशी रिकाम्या करताय ते आधी सांगा."

"तुमच्या चटयांच्या गुंडाळीत काय होतं, गुरुजी?"

"चटया होत्या! फेलेतीच्या ओट्यावर तीनशे माणसांसमोर उलगडल्या. त्याच्या सुनेने झटकून दाखवल्या, आणि एक कोपरा उसवलाय म्हणून चारचौघांत नाक मुरडलं. त्यातून फळी पडली असती तर तिने तिचंही माप घेतलं असतं." मग ते जरा गंभीर झाले. "बाई, तुमचं कॉलेज मला खुपतं, मी नाकारत नाही. मुलांना अक्षरं मी शिकवायची, नाक मी पुसायचं, आणि ती जरा माणसात आली की तुम्ही पळवायची, वर तुमची पाटी मोठी. कॉलेज म्हणजे काय हो? लांब चड्डी घातलेली शाळाच की! पण माझी पोरगी तुमच्या त्या अकरांत आहे. तिचा फॉर्म बुडवायला मी काही वेडा नाही."

बाईंनी मान डोलावली. टोकिलुपे पालुकी ही त्यांच्या वर्गातली सगळ्यात भांडखोर मुलगी. बापावर गेली होती.

"एकच विचारते. काल दुपारी जेवणाच्या वेळी प्राचार्य कुठे बसले होते?"

"पुढे, अगदी मधोमध. त्यांचा मामाच गेला, मानाचे भाचे ते! आईची ती मऊ चटई नेसून, समोर डुकराचं डोकं. का?"

"सकाळी साडेआठला त्यांनी फाटकी चटई नेसली होती, काखेपर्यंत."

पालुकी हसायला लागले. "काहीतरीच काय! मामाच्या मातीला फाटकी चटई? ती पुतण्यांनी नेसायची. भाचा असला अवतार करून गेला तर मामीच काठी घेऊन धावेल. आमच्या पहिलीतल्या पोराला हे कळतं."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

पालुकींचं हसू हळूहळू मावळलं. "पण बाई, मग त्यांनी ती कशाला..." आणि त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. त्यांनी हाताने स्वतःचं अंग काखेपासून गुडघ्यापर्यंत मापलं.

बाईंच्या मनात तोच हिशेब केव्हाच झाला होता. रडू त्यांना वेगळ्याच गोष्टीचं येत होतं. त्या गावात मोठ्या माणसाला जाब विचारायची रीत नव्हती. प्राचार्य वयाने मोठे, मानाने मोठे, आणि बाईंना ही नोकरी त्यांनीच दिली होती. बोट दहाला लागणार होती. घड्याळात साडेनऊ झाले होते.

५

प्राचार्यांची खोली वरच्या वर्गाला लागूनच होती. मधली भिंत बांबूची, म्हणजे नावापुरतीच.

"सापडला चोर?" प्राचार्यांनी विचारलं.

"सर, काल सकाळी तुम्ही फाटकी चटई का नेसली होती?"

शेजारच्या वर्गातला गोंगाट एकदम थांबला, पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

"दुःखाने," प्राचार्य म्हणाले.

"मग जेवणाच्या वेळी मऊ चटई कशी आली? मामाचं दुःख चार तासांत ओसरलं? वाइसिमाकडे बसला का नाहीत? आत फळी असली की माणसाला वाकता येत नाही, सर. आणि माकिसीने काप पाहिलाय. तो म्हणतो, खडू धरणाऱ्याचं काम आहे."

प्राचार्य एकदम म्हणाले, "इतकं वाईट कापलं गेलं का?"

"फारच वाईट, सर."

"करवत मध्येच अडकत होती हो." त्यांनी कपाळ पुसलं, आणि मग बांध फुटला. "लेसिएली, त्या प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नाही! तीन वर्षं मी अहवालात लिहितोय, 'वाहत्या पाण्याची सोय आहे.' ती बाई नळ सोडून बघणार. आतून पाल बाहेर पडणार. ती म्हणणार, हे कॉलेज नाही. सव्वीस वर्षं मी ह्या गावाला सांगतोय की हे कॉलेज आहे! मग मी पत्र नीट वाचलं. दारावर शब्द असेल तरच तपासणी. शब्दच नसला तर? जे नाही ते कोण काढून घेणार? वर्षभर मुदत मिळेल, मी नळ दुरुस्त करीन, पाटी सापडली म्हणून परत लावीन."

"आणि माकिसी? त्याच्यामागे पोलीस लावणार होतात ना?"

"ते... पुरावा नसता सापडला. सुटला असता तो."

"सुटला असता, पण गावाने त्याच्याकडून साधं स्टूलसुद्धा करून घेतलं नसतं. लाज वाटायला हवी तुम्हाला, सर." बाईंना स्वतःचाच आवाज परका वाटला. आयुष्यात असं त्या कोणाला बोलल्या नव्हत्या. "पत्र कुठे आहे? उलटा ते."

"मागे काही आहे?"

"वाचा. मोठ्याने."

प्राचार्यांनी चष्मा लावला. "'परीक्षेच्या अर्जांवर तपासणीच्या दिवशी संस्थेतच शिक्का दिला जाईल. पोस्टाने आलेले अर्ज...'" ते थांबले. "'...स्वीकारले जाणार नाहीत.'"

"अकरा मुलं आहेत," बाई म्हणाल्या. "नळाच्या एका पालीला घाबरून तुम्ही अकरा मुलांना बोटीत बसवत होतात."

प्राचार्य उठले, कपाट उघडलं आणि घरात पाहुणे भरले म्हणून रात्रीच परत आणलेली, फाटक्या चटईत गुंडाळलेली फळी बाहेर काढली.

"कोणाला सांगू नका," ते म्हणाले. "एवढं करा माझ्यासाठी."

बाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेदहा. "माकिसीची माफी मागा, त्याच्या शाळेचं कुलूप काढा, पोलीस नको म्हणून कळवा. मग मी काही बोलणार नाही."

माफी झाली. माकिसीने ती ऐकली न ऐकली. त्याचं सगळं लक्ष फळीच्या कडेकडे होतं. "असं जोडणार नाही मी," तो म्हणाला. "आधी रंधा मारणार." समितीची गाडी धक्क्यावरून निघाल्याचं कोणीतरी ओरडत आलं, तरी त्याने रंधा मारलाच. शेवटचा खिळा ठोकला तेव्हा गाडी वळणावर वाइसिमाशी बोलायला थांबली होती, म्हणून सगळे वाचले. फटीवर फुलांची माळ टाकली आणि वर पुन्हा कापड.

६

समितीच्या कालोलाइनेबाई उंच, किडकिडीत आणि घोटभर शहाळंही न पिणाऱ्या निघाल्या. त्यांनी कापड दूर केलं, पाटी वाचली, रकान्यात खूण केली. ग्रंथालय मोजलं. मग प्रयोगशाळेत गेल्या आणि नळ सोडला.

पाणी आलं नाही. पाल आली.

कालोलाइनेबाईंनी काहीतरी लांबलचक लिहिलं. प्राचार्य भिंतीला टेकले.

शेवटी वरचा वर्ग. अकरा मुलं उभी राहिली. कालोलाइनेबाईंनी वही मिटली. "शेजारीच शाळा आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे नळ नाही, पुस्तकं निम्मी. मग ह्याला कॉलेज का म्हणायचं? मास्तरांनी नको, मुलांनी सांगा."

टोकिलुपे पुढे झाली.

"शाळेत मोठ्या माणसांना प्रश्न विचारायचा नसतो," ती म्हणाली. "माझे बाबाच तिथे आहेत, म्हणून मला पक्कं माहीत आहे. इथे विचारता येतो. आज सकाळी लेसिएलीबाईंनी प्राचार्यांना विचारला. सरांनी खरं उत्तर दिलं. आम्ही भिंतीतून ऐकलं."

"असं?" कालोलाइनेबाई म्हणाल्या. "काय विचारलं?"

टोकिलुपेने बाईंकडे पाहिलं. आपण काय बोलून बसलो ते तिच्या आता लक्षात आलं होतं. लेसिएलीबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांनी शब्द दिला होता. दहा मुलं एकदम जमिनीकडे पाहायला लागली. कालोलाइनेबाई वाट बघत राहिल्या. आता एक खोटं बोलणं सहज सोपं होतं, आणि ते वर्गातल्या सगळ्यांना खोटं म्हणून कळलं असतं.

"मी सांगतो," मागून आवाज आला. प्राचार्य पुढे आले. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजला होता. "पाटी कोणी कापली असं विचारलं. मी कापली. तुम्ही नळ बघाल म्हणून भ्यालो. तीन वर्षं अहवालात खोटं लिहिलं आणि काल आळ दुसऱ्यावर घातला. ह्यात मुलांचा दोष नाही. काय करायचं ते माझं करा."

कालोलाइनेबाईंचा ओठ जरासा हलला, तो रागाने की आणखी कशाने, हे कोणाला कळलं नाही. त्यांनी वही उघडली, सगळी पानं वरपासून खालपर्यंत पाहिली.

"पाटी कापणाऱ्या प्राचार्यांसाठी रकाना नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं राजधानीला कळवते, ते बघतील. नळाला सहा महिने. फॉर्म आणा."

लेसिएलीबाईंनी फॉर्म पुढे ठेवले. शिक्का एकामागून एक पडत गेला. अकरावा पडला तेव्हा बाईंना रडू आवरेना, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. टोकिलुपेने त्यांना फळा पुसायचं फडकं दिलं, तर सगळं तोंड खडूने माखलं.

तीन वाजता बोट सुटली. बाई धक्क्यावर उभ्या होत्या. बोटीत समिती होती, नारळाची पोती होती, आणि राजधानीच्या बाजारात निघालेली दोन डुकरं होती. त्यांच्या वर्गातलं मात्र कोणी नव्हतं. अकराही जण धक्क्यावर त्यांच्या शेजारी उभे राहून हात हलवत होते.